यादवी युद्धातील सशस्त्र गट नेमके कशासाठी लढतात: अस्मितेसाठी की सत्तेसाठी?

वाचनकट्टा_दादर

नमस्कार. दादर परिसरातील आम्ही काही वाचक महिन्यातून एकदा एकत्र बसून एखाद्या विषयावर सविस्तर चर्चा करतो. सुदानमधील एल फाशर हे शहर ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि त्यानंतर तेथून ज्या बातम्या आल्या, त्या वाचून आम्ही या वेळी यादवी युद्धांतील मिलिशिया, म्हणजे नियमित सैन्याबाहेरचे सशस्त्र गट, हा विषय घेतला. चर्चा बराच वेळ रंगली, परंतु एका ठिकाणी येऊन अडली. ती अडचण येथे मांडतो.

आमच्यापैकी निम्म्या लोकांचे म्हणणे असे, की हे गट मुळात अस्मितेचेच असतात. लेबनॉनमधील मॅरोनाइट, शिया आणि द्रूझ, अफगाणिस्तानातील हजारा आणि उझबेक, श्रीलंकेतील तमिळ अशी त्यांची ओळखच समाजांवरून होते, आणि माणसे मारली जातात तीही समाज पाहूनच. ६ डिसेंबर १९७५ रोजी बैरुतमध्ये रस्त्यांवर नाके उभारून लोकांची ओळखपत्रे तपासली गेली. त्या ओळखपत्रांवर धर्म लिहिलेला असे, आणि माणूस मुस्लिम निघाला की त्याला ठार केले जात होते. याला सत्तेचे राजकारण कसे म्हणायचे, असा या मंडळींचा सवाल आहे.

दुसऱ्या बाजूने अफगाणिस्तानातील अब्दुल रशीद दोस्तमचा दाखला दिला. हा उझबेक सेनानी १९९२ पर्यंत नजीबुल्ला सरकारच्या बाजूने लढला, मग त्याच सरकारविरुद्ध मुजाहिदीन सेनानी अहमद शाह मसूदला जाऊन मिळाला, आणि जानेवारी १९९४ मध्ये जुना वैरी गुलबुद्दीन हिकमतयार याच्याशी हातमिळवणी करून मसूदवरच उलटला. दोस्तम उझबेक, मसूद ताजिक, हिकमतयार पश्तून. अस्मिता हेच कारण असते तर या आघाड्या जुळल्याच कशा आणि तुटल्या कशा? यावर एका सदस्याने असेही म्हटले, की मुंबईत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे टोळीयुद्ध झाले तेच हे, फक्त शस्त्रे मोठी.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि "थोडे हे, थोडे ते" या उत्तराने समाधान होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनघा_राज्यशास्त्र

मी मुंबईतील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांबरोबरची चर्चाही दर वर्षी नेमकी येथेच अडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझे मत आधी सांगते. मिलिशिया शत्रूशी कशी लढते यापेक्षा ती आपल्याच समाजातील प्रतिस्पर्ध्यांशी कशी वागते, हे आधी पाहावे. बहुतेक मोठ्या मिलिशियांचे पहिले निर्णायक युद्ध स्वतःच्या समाजाच्या आत झालेले आहे, आणि अस्मिता व सत्ता यांची गाठ कोठे बसते हे तेथे जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र कोठेही दिसत नाही.

लेबनॉनचेच पाहा. १९४३ च्या राष्ट्रीय करारानुसार तेथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असतो. संसदेतील जागाही ख्रिश्चनांना सहा आणि मुस्लिमांना पाच या प्रमाणात वाटल्या जात. या वाटपाला आधार होता १९३२ च्या जनगणनेचा, आणि त्यानंतर त्या देशात अधिकृत जनगणना झालेलीच नाही, कारण आकडे बदलले तर वाटपही बदलावे लागले असते. अशा व्यवस्थेत एखाद्या समाजाच्या पदरात किती पडणार हे आधीच ठरलेले असते. मोकळा राहतो तो एवढाच प्रश्न, की समाजाच्या वतीने ते उचलणार कोण. १३ एप्रिल १९७५ रोजी युद्धाला तोंड फुटले आणि या प्रश्नाचे उत्तर बंदुकीने ठरू लागले.

जून १९७८ मध्ये कताइब पक्षाच्या सैनिकांनी एहदेन या डोंगरी गावावर हल्ला करून टोनी फ्रांजिए, त्याची पत्नी आणि लहान मुलगी यांना ठार मारले. टोनी हा माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि स्वतःच्या मिलिशियाचा प्रमुख होता. मारणारे मॅरोनाइट होते आणि मरणारेही मॅरोनाइटच. ७ जुलै १९८० रोजी कताइबचा सेनानी बशीर जमाएल याच्या माणसांनी साफ्रा येथे "टायगर्स" या दुसऱ्या ख्रिश्चन मिलिशियाचा असाच निःपात केला आणि बहुतेक ख्रिश्चन शस्त्रधारी "लेबनीज फोर्सेस" या एका छत्राखाली आणले. त्यानंतर दोन वर्षांनी बशीर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, आणि शपथ घेण्यापूर्वीच बॉम्बस्फोटात मारला गेला. शियांमध्ये १९८८ ते १९९० या काळात अमल आणि हिजबुल्ला हे दोन गट दक्षिण लेबनॉनमध्ये आणि बैरुतच्या दक्षिण उपनगरांत गल्लीगल्लीतून एकमेकांशी लढले. १९९० च्या जानेवारीत जनरल मिशेल औन यांचे सैन्य आणि समीर जाजाची लेबनीज फोर्सेस यांच्यात जो संहार झाला, तो ख्रिश्चन वस्तीतच झाला.

आपण ओळखपत्रांचा उल्लेख केला आहे, म्हणून नाक्यांविषयी आणखी थोडे. बैरुतच्या उत्तरेला किनारी रस्त्यावर बार्बरा येथे लेबनीज फोर्सेसचा नाका होता. त्या नाक्यावर माणसाची ओळखही पाहिली जाई आणि ट्रकमधील मालावर करही घेतला जाई. बैरुत बंदराचा एक धक्का याच गटाच्या ताब्यात असल्याने तेथील सीमाशुल्क सरकारऐवजी त्याच्या तिजोरीत जात असे. आपल्या गटातील दोन्ही बाजू त्या एकाच नाक्यावर उभ्या आहेत, असे मला वाटते. नाक्यावर कोणाला थांबवायचे आणि कोणाच्या जिवाला धोका, हे अस्मितेने ठरत होते. परंतु तो नाका कोणाच्या हाती असावा यासाठी जी माणसे मारली गेली, ती बहुधा आपल्याच समाजाची होती.

युद्ध संपवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ कराराने सहास पाच हे प्रमाण बदलून निम्मे-निम्मे केले, पण समाजानुसार वाटप करण्याचे तत्त्व तसेच ठेवले. १९९१ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा झाला, हिजबुल्ला वगळता मिलिशिया विसर्जित झाल्या आणि त्यांचे प्रमुख मंत्रिमंडळात व संसदेत येऊन बसले. अमलचे नेते नबीह बेरी १९९२ पासून संसदेचे सभापती आहेत. हजारो माणसे बेपत्ता झाली, त्यांच्या आया आणि बहिणी त्यांची छायाचित्रे हातात घेऊन वर्षानुवर्षे उत्तर मागत राहिल्या, आणि ज्यांनी उत्तर द्यायचे ते सरकारात होते. हे वर्गात सांगताना आजही माझा आवाज स्थिर राहत नाही.

टोळीयुद्धाच्या तुलनेशी मात्र मी सहमत नाही. टोळीला पोलीस, न्यायालये आणि महापालिका जागच्या जागी हव्या असतात, कारण तिचा धंदा त्यांच्या आडोशाने आणि त्यांतील काहींना हाताशी धरूनच चालतो. मिलिशियाला त्यांच्या जागी स्वतः बसायचे असते किंवा त्या जागेतील आपला वाटा कराराने पक्का करून घ्यायचा असतो.

सागरवाट

अनघाताईंनी करार आणि वाटा यांचा मुद्दा काढला, त्यावरून लायबेरियाविषयी लिहावेसे वाटले. मी मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो आणि आता मुलुंडला राहतो. मुंबईतील असंख्य दर्यावर्दींप्रमाणे माझीही बरीच नोकरी अशा जहाजांवर झाली, ज्यांच्या पिछाडीवर "मॉनरोव्हिया" असे रंगवलेले असे आणि जी त्या बंदरात कधीही जात नसत. जहाजमालक कुठला का असेना, नोंदणी लायबेरियाची, आणि त्या नोंदणीची फी लायबेरियाच्या सरकारला. या फीचा यादवी युद्धाशी किती जवळचा संबंध आहे हे मी नोकरीत असताना कोणी सांगितले नव्हते. ते पुढे वाचनातून समजले.

डिसेंबर १९८९ मध्ये बंडखोर नेता चार्ल्स टेलर आयव्हरी कोस्टमधून लायबेरियातील निम्बा या प्रांतात शिरला. राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो याच्या राजवटीने तेथील गिओ आणि मानो समाजांवर १९८५ च्या फसलेल्या उठावानंतर अत्याचार केले होते, आणि डोच्या सैन्यात त्याच्या स्वतःच्या क्राह्न समाजाचे वर्चस्व होते. टेलरला लढायला मुले मिळाली ती या रागातून. टेलर स्वतः मात्र गिओ नव्हता आणि मानोही नव्हता. लोकांचा राग अस्मितेचा, आणि त्या रागावर स्वार झालेला माणूस त्या समाजाबाहेरचा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्षभराच्या आतच देशाचा बहुतेक भाग त्याच्या हाती आला. ग्बार्न्गा या गावी त्याने आपली वेगळी राजधानी थाटली आणि लाकूड, रबर, लोहखनिज व हिरे विकून पैसा उभा केला.

एवढे सगळे हाती असताना तो थांबला का नाही? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण असे, की जहाजनोंदणीचे उत्पन्न मॉनरोव्हियातील हंगामी सरकारला मिळत होते, कारण जगाने मान्यता दिलेले सरकार ते होते. जंगल आणि खाणी जिंकून ती मान्यता मिळत नाही. देशाच्या नावावर जे उत्पन्न येते ते घ्यायचे, तर देशाचे प्रमुखपदच हवे.

दुसरी गोष्ट गट फुटण्याची. टेलरविरुद्ध क्राह्न आणि मँडिंगो निर्वासितांनी मिळून युलिमो नावाची संघटना उभारली होती. १९९४ मध्ये तिचे दोन तुकडे झाले, रूझवेल्ट जॉन्सनचा क्राह्न गट आणि अल्हाजी क्रोमाचा मँडिंगो गट. १९९५ च्या अबुजा करारान्वये जे राज्यमंडळ स्थापन झाले, त्यात टेलर आणि क्रोमा यांच्यासारख्या गटप्रमुखांना थेट जागा मिळाल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत किंवा कमी मिळाल्या, ते पुन्हा लढले आणि एप्रिल १९९६ मध्ये मॉनरोव्हिया शहर पुन्हा जळले. वाटाघाटीत खुर्ची मिळवण्यासाठी पदरी एक सशस्त्र गट हवा, असा धडा शांतता करारच देऊ लागले तर गट वाढणारच. १९९७ च्या निवडणुकीत टेलर सुमारे ७५ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाला. त्याला मते देणाऱ्या अनेकांना भीती होती, की हा हरला तर पुन्हा जंगलात जाईल.

बखरवाचक_ठाणे

मराठी वाचकाला यातील काही गोष्टी अपरिचित वाटू नयेत. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला असताना मोगलांच्या चाकरीत गेलेल्या मराठा सरदारांना वतने आणि सरंजाम देऊ करून परत बोलावले जात होते, आणि औरंगजेबाकडूनही तीच आमिषे दाखवली जात होती. म्हसवडचे नागोजी माने दोन्हीकडे राहिले, आणि १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांचा वध त्यांच्या हातून झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावधगिरी सांगितली आहे, ती या अनुभवातून आलेली आहे. आधुनिक मिलिशियांशी हे तंतोतंत जुळत नाही. तरी मोठ्या लढ्याच्या आत गावोगावचे वतनाचे लढे चालू असतात आणि स्थानिक माणूस मोठ्या पक्षाचा झेंडा आपल्या भाऊबंदकीसाठीही वापरतो, ही गोष्ट बैरुत किंवा काबूलपुरती मर्यादित नाही.

माजी_सैनिक_कांदिवली

वरील सर्व प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले. माहिती मोलाची आहे, पण सर्वांनी प्रश्नाकडे वरून, म्हणजे सेनापतींच्या बाजूने पाहिले आहे असे मला वाटते. मी १९८८ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेच्या उत्तर भागात होतो, आणि मला दिसलेली बाजू खालची आहे.

अनघाताईंचा मुद्दा श्रीलंकेत शब्दशः खरा ठरतो, हे आधी मान्य करतो. १९८६ च्या एप्रिल-मे महिन्यांत एलटीटीईने टेलो या तमिळ संघटनेचा जाफना भागात नायनाट केला आणि तिचा नेता श्री सबारत्नम यालाही मारले. त्याच वर्षाच्या अखेरीस ईपीआरएलएफ या आणखी एका तमिळ संघटनेवर तशीच पाळी आली. हे सारे तमिळ होते, सर्वांना तमिळ ईळमच, म्हणजे तमिळांचे स्वतंत्र राज्यच, हवे होते. एलटीटीईला मात्र तमिळांच्या वतीने बोलणारा दुसरा कोणीही नको होता. पुढे १९८९ मध्ये तर प्रेमदासा सरकारने, म्हणजे सिंहली सत्तेनेच, एलटीटीईला शांतिसेनेविरुद्ध लढण्यासाठी शस्त्रे पुरवली. हे आम्हाला त्या वेळी सांगूनही पटले नसते.

आता खालची बाजू. एका गावाबाहेरच्या आमच्या नाक्यावर ओळख पटवण्यासाठी एका तमिळ गटातील मुलाला बसवले जाई. त्याच्या डोक्यावर गोणपाटाची पिशवी असे आणि तिला डोळ्यांपुरती दोन भोके. गावकरी रांगेने त्याच्यासमोरून जात. त्याने मान हलवली की त्या माणसाला बाजूला काढले जाई. एका सकाळी रांगेतील एक म्हातारी त्याच्यासमोर थांबली, त्याच्या पायांकडे पाहत राहिली आणि तिने त्याला नावाने हाक मारली. पिशवीआडचा मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि त्याचे पुढे काय झाले हे मला कोणी सांगितले नाही. ती माणसे एकमेकांना पावलांवरून ओळखत होती. तेथे "सत्तेची स्पर्धा" हे शब्द मला अपुरे वाटतात. त्या मुलाला कोणतेही मंत्रिपद मिळणार नव्हते. तो त्या गटात का गेला, या गटात गेला नसता तर दुसऱ्या गटाने त्याला ओढून नेले असते का, असे प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक खरे होते.

आणि भीती खरी होती. १९८१ मध्ये जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, त्याआधीच विद्यापीठ प्रवेशाचे नियम तमिळ विद्यार्थ्यांना जाचक होतील असे बदलले गेले होते, आणि जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरे मतदारयाद्या हातात घेऊन शोधली गेली. ज्यांच्या घरावर असा जमाव चालून आला, त्यांच्या मुलाला बंदूक कोणाच्या महत्त्वाकांक्षेसाठी वापरली जाईल याचा विचार करायला सवड नव्हती. त्याला बंदूक देणारा कोणीतरी हवा होता. नेत्यांना सत्ता हवी असते म्हणून अनुयायांची अस्मिता खोटी ठरत नाही.

मात्र "आपले" कोण हे ठरवण्याचा अधिकार एकदा का बंदूकवाल्याकडे गेला, की तो कोठे थांबेल ते सांगता येत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातील सर्व मुस्लिमांना हाकलून दिले. जाफना शहरात त्यांना अवघ्या दोन तासांची मुदत मिळाली. त्यांची मातृभाषा तमिळ होती, ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्यांच्यातील काही तरुण सुरुवातीला तमिळ संघटनांत सामीलही झाले होते. मार्च २००४ मध्ये तर एलटीटीईचा पूर्वेकडील सेनापती करुणा फुटून निघाला, तो पूर्वेच्या तमिळांवर उत्तरेचे नेते अन्याय करतात असे सांगत. त्याचे हिशेब काहीही असोत, ही तक्रार पूर्वेकडील लोकांच्या मनात आधीपासून होती, म्हणूनच ती चालली. काही वर्षांत तो श्रीलंका सरकारात मंत्री झाला.

वाचनकट्टा_दादर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी लिहिलेला नाक्यावरचा प्रसंग आमच्या सदस्यांना वाचून दाखवणार आहे. एक उपप्रश्न आहे. सुदानमध्ये आरएसएफ हे दल सरकारनेच उभे केले होते असे वाचनात आले. सरकारच मिलिशिया निर्माण करत असेल, तर "समाजाचा प्रतिनिधी कोण" ही मांडणी तेथे लागू होते का?

वकील_फोर्ट

लागू होते, पण तीत एक पात्र वाढते. पश्चिम सुदानमधील डार्फरमध्ये २००३ साली बंड झाले तेव्हा खार्टूमच्या सरकारने नियमित सैन्यावर भिस्त ठेवली नाही, कारण त्या सैन्यातच डार्फरचे पुष्कळ सैनिक होते. त्याऐवजी अरब पशुपालक टोळ्यांना शस्त्रे देण्यात आली. जंजावीद या नावाने जग त्यांना ओळखते. सरकारला याचा दुहेरी लाभ होता. काम स्वस्तात होत होते, आणि अत्याचारांबद्दल विचारणा झाली की ती टोळ्यांमधील जुनी भांडणे आहेत असे सांगता येत होते. या युक्तिवादाला कायद्याच्या पातळीवर उत्तर मिळायला दोन दशके लागली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने डार्फरमधील गुन्ह्यांसाठी जंजावीदचा एक म्होरक्या अली कुशैब याला ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरवले. डार्फर प्रकरणातील ही पहिलीच दोषसिद्धी होय.

या टोळ्यांचा सुरुवातीचा मोठा नेता मूसा हिलाल होता. पुढे सरकारचे त्याच्याशी बिनसले आणि मोहम्मद हमदान दगालो, म्हणजे हेमेदती, याला पुढे आणले गेले. दोघेही रिझेगात अरब, फक्त उपशाखा वेगळ्या. २०१३ मध्ये आरएसएफ स्थापन झाली, २०१७ मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरएसएफने हिलालला पकडले. जेबेल आमिर येथील सोन्याच्या खाणी तोपर्यंत हिलालच्या प्रभावाखाली होत्या. त्या हेमेदतीकडे आल्या. अनघाताई ज्याला समाजाच्या आतील पहिले युद्ध म्हणतात ते हेच, आणि त्यात निकाल सरकारने लावला. सोने हाती आल्यावर हेमेदती सरकारच्या पगारावर अवलंबून राहिला नाही. आरएसएफ सैन्यात किती वर्षांत विलीन करायची, दोन की दहा, यावरचा वाद विकोपाला गेला आणि १५ एप्रिल २०२३ रोजी निर्मात्याशीच युद्ध सुरू झाले.

त्यानंतरच्या आघाड्या पाहिल्या तर आपल्या गटातील "सत्तेचे राजकारण" म्हणणाऱ्यांना हवा तेवढा पुरावा मिळेल. ज्या सैन्याने डार्फरमधील बंडखोरांच्या गावांवर बॉम्ब टाकले होते, त्याच सैन्याच्या बाजूला मिनी मिनावी आणि जिब्रील इब्राहिम हे जुने बंडखोर नेते नोव्हेंबर २०२३ मध्ये जाऊन उभे राहिले. तुरुंगातून सुटलेला हिलालही पुढे सैन्याच्याच बाजूने बोलला. त्याच २०२३ मध्ये डार्फरमधील एल जनीना शहरात मसालित या बिगर-अरब समाजाच्या लोकांना मात्र ते मसालित आहेत म्हणून शोधून मारले जात होते. वर आघाड्या बदलत होत्या, खाली बळी तेच राहिले. कायद्याचा अभ्यासक म्हणून मला ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. आघाडी बदलणाऱ्या नेत्याला पुढच्या करारात जागा असते. मसालित माणसाला आपले मसालित असणे बदलता येत नाही.

आपल्या देशाविषयीही लिहायला हवे. छत्तीसगडमधील संघर्षाला मी यादवी युद्ध म्हणणार नाही, परंतु २००५ मध्ये तत्कालीन दंतेवाडा जिल्ह्यात, आपल्या गडचिरोलीला लागूनच, सलवा जुडुम हे माओवादविरोधी अभियान सुरू झाले तेव्हा माओवाद्यांच्या दलातही गोंड-कोया आदिवासी तरुण होते आणि जुडुमच्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांतही तेच होते. महिन्याला ३,००० रुपये मानधनावर, अत्यल्प प्रशिक्षण देऊन या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. एकाच पाड्यातील घरे दोन बाजूंना वाटली गेली, अनेक गावे ओस पडून लोक छावण्यांत किंवा सीमेपलीकडे खम्मम भागात गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ चा भंग करणारी आहे असे ठरवून ती थांबवण्याचा आदेश दिला. तो निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक नागरिकाने वाचावा असे मला वाटते. मात्र त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून बहुतेकांना सहायक सशस्त्र दलात सामावून घेतले, कारण एकदा शस्त्र दिलेल्या मुलाला गावी परत पाठवले तर तो जिवंत राहील याची हमी कोणीही देऊ शकत नव्हते.

अनघा_राज्यशास्त्र

कांदिवलीच्या काकांचा आक्षेप मला मान्य आहे. नेते आणि अनुयायी यांची कारणे वेगळी असतात हे मी पहिल्या प्रतिसादात पुरेसे स्पष्ट केले नव्हते, आणि भीतीला मांडणीत दुय्यम स्थान देणे चुकीचे ठरेल. तरी भीती कोणाविरुद्ध वळेल हे आपोआप ठरत नाही, असे मला अजूनही वाटते. त्यासाठी आपल्या गटाने पुढच्या बैठकीत बोस्नियातील फिक्रेत अब्दिचचा अभ्यास करावा असे सुचवते.

अब्दिच हा वेलिका क्लादुशा येथील आग्रोकोमेर्ट्स या प्रचंड अन्नप्रक्रिया उद्योगाचा प्रमुख. त्या भागातील हजारो घरांची चूल या कंपनीवर पेटत होती. १९९० च्या निवडणुकीत त्याला अलिया इझेतबेगोविच यांच्यापेक्षा जास्त मते मिळाली होती, तरी अध्यक्षपद इझेतबेगोविच यांच्याकडे गेले. बोस्नियाच्या मुस्लिमांवर सर्ब सैन्याचा वेढा पडलेला असताना, सप्टेंबर १९९३ मध्ये या मुस्लिम नेत्याने सारायेव्होच्या मुस्लिम नेतृत्वाखालील सरकारपासून फुटून आपला स्वायत्त प्रांत घोषित केला, सर्बांशी करार केला, आणि ऑगस्ट १९९५ पर्यंत बिहाचच्या परिसरात बोस्नियन सैन्याच्या पाचव्या कोअरशी, म्हणजे मुस्लिमांशीच, तो लढत राहिला. त्याच्यामागे गेलेल्या लोकांना आपण मुस्लिम आहोत याचा विसर पडला नव्हता, आणि सर्बांची भीती त्यांनाही होती. त्या भीतीतून वाचण्याचा मार्ग कोण दाखवतो, अन्नाचे ट्रक कोणाच्या शब्दावर वेढ्याच्या आत येतात, यावरून त्यांनी आपला माणूस निवडला.

युद्धानंतर क्रोएशियाच्या न्यायालयाने अब्दिचला युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा सुनावली. ती भोगून तो २०१२ मध्ये सुटला, आणि २०१६ मध्ये वेलिका क्लादुशाच्या मतदारांनी त्याला महापौर म्हणून निवडून दिले.